नुसतं खोड

नमस्कार मंडळी. आज एका छोट्याशा पेंटिंगबद्दल बोलायचंय, आता रेडिओवर चित्र दाखवणार कसं, पण मी सांगते, तुम्ही डोळे मिटून बघा.

चित्रकार जॉन कॉन्स्टेबल, इंग्लंडमधल्या सफोकच्या गिरणीवाल्याचा मुलगा. १८२१ च्या सुमारास त्याने एल्मच्या झाडाचं खोड रंगवलं. नुसतं खोड हां! शेंडा नाही, पानांचा डोलारा नाही, वरच्या कडेला झाड सरळ कापलंय आणि साइज म्हणाल तर जेमतेम ३० बाय २५ सेंटिमीटर, कागदावर ऑइलमध्ये केलेलं. पण ती साल बघा, उभ्या भेगा, खवले, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी, आणि मागे गवतावर ऊन सांडलंय. माणूसही नाही, गोष्टही नाही. तरी मी त्याच्यापुढून हलू शकत नाही, खरंच. ल्युसियन फ्रॉइडसारखा मोठा चित्रकार, त्यालाही या चित्राने आयुष्यभर धरून ठेवलं, शेवटी २००३ मध्ये, ऐंशीचा असताना, त्याने यावरून एचिंग केलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र.

मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, कॉन्स्टेबलच्या मुलीने, इझाबेलने १८८८ मध्ये दिलेलं. नेटवर सापडेल, झूम करून बघा. एल्म म्हणजे आपल्या वावळ्याच्याच कुळातलं झाड बरं का. नंतर १९७० च्या आसपास बुरशीचा रोग आला, भुंगेऱ्यांनी पसरवला, आणि इंग्लंडमधले कोट्यवधी एल्म गेले, त्यामुळे आता हे चित्र बघताना पोटात कालवतं.

झाड म्हणजे कॉन्स्टेबलसाठी कोणीतरी जिवंत व्यक्तीच होती. आमच्या रस्त्यावरच्या गुलमोहरावर क्लासच्या पाट्या ठोकलेल्या बघते तेव्हा मला त्याचं १८३६ चं, लंडनजवळच्या हॅम्पस्टेड गावातलं लेक्चर आठवतं. तिथे त्याने ॲश नावाच्या एका झाडाचं आपण काढलेलं ड्रॉइंग दाखवलं, आणि त्या झाडाबद्दल तो एखाद्या तरुण मुलीबद्दल बोलावं तसं बोलला. गावाच्या वेशीवर उभी होती ती, अगदी धडधाकट. मग कोणीतरी तिच्या अंगात दोन लांब खिळे ठोकून पाटी लावली, भिकाऱ्यांवर कायद्याने कारवाई होईल म्हणून. वरच्या फांद्या सुकल्या, वर्षभरात अर्धं अंग गेलं, मग उरलेलं. शेवटी तोडली तिला, बुंधा तेवढा ठेवला, पाटी लावता येईल इतक्या उंचीचा.