कोल्हापूर बघायचं तर पेठेतनं चालत बघा

[भवानी मंडपासमोर, सकाळी]

नमस्कार मंडळी! कोल्हापुरात येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांचा दिवस ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचं दर्शन, मग महाद्वार रोडवर एक फेरी, दुपारी तांबडा-पांढरा, जाताना चपलेचा एक जोड, आणि वेळ उरला तर रंकाळा. यातलं काहीच सोडू नका, सगळं करा. पण या गोष्टी एकमेकींना कशा बांधलेल्या आहेत ते पाहुण्यांना कुणी सांगत नाही. इथलं दूध, मटण, कुस्ती, नाटक, फुटबॉल, चप्पल हे सगळं दीड-दोन किलोमीटरच्या पट्ट्यात वाढलंय, आणि बऱ्याचदा एकामुळं दुसरं वाढलंय. आज तेवढाच पट्टा आपण पायी फिरू. गाडी बिंदू चौकाकडं कुठंतरी लावून टाका, आत आणलीत तर निम्मा दिवस हॉर्न वाजवण्यातच जाईल.

सुरुवात पोटापासून. कोल्हापुरात मिसळ हा सकाळचा खेळ आहे. आठ-नऊ वाजता जा, बारा वाजता जाऊन 'संपली' ऐकायची वेळ आणू नका. इथं मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी पाव येत नाही, स्लाईस ब्रेड येतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे जरा विचित्र वाटतं, पण पहिल्या घासात कळतं की ब्रेड कट कसा शोषून घेतो. कट म्हणजे मिसळीवरचा तो लाल तर्रीचा रस्सा. तो वेगळा मिळतो, परत मागता येतो, आणि मागायला लाजायचं नाही. फडतरे, खासबाग, चोरगे, बावड्याची मिसळ, नावं तुम्ही ऐकली असतील. कुठली भारी यावर मी निकाल देणार नाही, कारण इथं माणूस आपल्या पेठेजवळच्या मिसळीच्या बाजूनं उभा राहतो आणि ते मला बरोबरच वाटतं. तुम्ही जिथं उतरलाय तिथल्या माणसाला विचारा, "तुम्ही स्वतः कुठं खाता?" मिळेल ते उत्तर बरोबर.

[चालत, मंगळवार पेठेकडं]

आता पेठा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, बुधवार, शुक्रवार, शनिवार, उत्तरेश्वर. पेठेत शिरलात की थोड्या-थोड्या अंतरावर तालमीची पाटी दिसेल. बाहेरच्या माणसाला वाटतं, तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. आखाडा असतोच, काही ठिकाणी आजही पोरं पहाटे मातीत उतरतात. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे त्या भागाचं घरच असतं. गणपती तालमीचा, फुटबॉलचा संघ तालमीचा, भांडण मिटवायचं ते तालमीच्या कट्ट्यावर, पूर आला की जेवण शिजतं तालमीत. मोहरमला काही तालमींत पंजे बसतात आणि त्यांची सेवा करणाऱ्यांत हिंदू घरंही असतात. बाबूजमाल तालमीकडं गेलात तर हे डोळ्यांनी बघायला मिळेल.

आणि फुटबॉल! महाराष्ट्रात क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळासाठी पेठच्या पेठ मैदानात उतरते असं शहर मला दुसरं माहीत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. राजर्षी शाहू स्टेडियमवर यांचे सामने लागले की पेठेतली निम्मी दुकानं पोरांवर सोडून मालक मैदानात. तुमच्या मुक्कामात सामना असेल तर ताराराणीचा पुतळा, टाऊन हॉल हे सगळं नंतर बघा, आधी तिकीट काढा.

[खासबाग मैदान]

हे खासबाग. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ साली सुरू झालं. मधे हौद आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बैठक, त्यामुळं शेवटच्या ओळीत बसलं तरी कुस्ती अडत नाही. महाराजांनी इथं पंजाबपासूनचे मल्ल आणले, सांभाळले, तालमींना खुराक दिला. खाशाबा जाधव मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण राजाराम कॉलेजात शिकताना इथल्याच मातीत घडले, आणि १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते त्यांच्यामुळं.

मी हे सगळं जेवणाच्या व्हिडिओत का सांगतोय? कारण मल्ल आले की खुराक आला. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा अळणी रस्सा. शेकड्यांनी पैलवान सांभाळणाऱ्या गावात गवळ्याचा, खाटकाचा आणि खानावळीचा धंदा आपोआप उभा राहतो. आज आपण ज्याला कोल्हापुरी जेवण म्हणतो त्याच्या मुळाशी पैलवानाचं ताट आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. हेही महाराजांचंच, १९१५ चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. पुढं त्याला इथल्याच मातीतल्या केशवरावांचं, 'ललितकलादर्श' नाटक कंपनीच्या संगीतसूर्याचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री या रस्त्यावर माणसं उभी राहून रडत होती, म्हातारी माणसं, ज्यांनी इथं आयुष्यभर नाटकं बघितली. पुनर्बांधणीचं काम हाती घेतलंय. बाहेर उभं राहून तरी ही वास्तू बघाच. एका बाजूला कुस्ती आणि भिंतीपलीकडं संगीत नाटक, ही जोडी एका माणसानं मुद्दाम शेजारी ठेवली होती.

[खानावळीबाहेर, दुपारी]

आता ज्याची वाट बघताय ते. कोल्हापुरी म्हणजे जाळ तिखट, हा समज सोडून द्या. बाहेरगावच्या हॉटेलात मेनूवर 'व्हेज कोल्हापुरी' दिसतं, लाल तेलात मिरच्या पोहत असतात. कोल्हापूरच्या घरात ती भाजी शिजत नाही.

इथली चव कांदा-लसूण चटणीत आहे. उन्हाळ्यात घरोघरी मिरच्या वाळतात, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, ज्याचं त्याचं प्रमाण ठरलेलं. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला तेलात भाजायचा, कांदा-लसूण तळायचा, आणि सगळं डंकावर नेऊन कांडून आणायचं. एप्रिल-मेमध्ये डंकासमोरनं गेलात तर शिंकत शिंकतच पुढं जाल. ही वर्षाची चटणी एकदा बरणीत बसली की आमटी, भाजी, रस्सा, सगळ्याला तीच. म्हणून तर पोरगं शिकायला पुण्याला गेलं की त्याच्या बॅगेत आई पहिली ती बरणी ठेवते. खरेदीत मी सगळ्यात आधी हेच नाव घेईन. पाकिटावरच्या चित्राला भुलू नका, बचत गटाच्या किंवा डंकावरच्या ताज्या चटणीचा वास घेऊन बघा.

आता ताट. सुकं मटण, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू, भात, आणि दोन वाट्या, तांबडा आणि पांढरा. दोन्हींचा पाया एकच, मटण शिजवलेलं अळणी पाणी. तांबड्यात ती चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू किंवा खसखस-तीळ, आलं-लसूण आणि मिरीचा अखंड मसाला. लाल तिखट एक कणही नाही. पांढरा सौम्य लागतो पण नाकात मिरी चढते, आणि थंडीत सर्दी झालेल्या माणसाला आजही घरात आधी तोच दिला जातो. आधी पांढरा पिऊन घ्या, गरम असतानाच. मग तांबड्याकडं वळा. खानावळीत रस्सा परत परत वाढतात, वाढणारा विचारेल, नको म्हणेपर्यंत थांबणार नाही. पहिल्यांदा खाणाऱ्यानं भात शेवटी राखून ठेवावा, तांबड्यात कालवून खाल्लेला तो भात मटणाच्या फोडीपेक्षा जास्त लक्षात राहतो.

मटणाबद्दल कोल्हापूर किती गंभीर आहे ते ऐका. २०१९ च्या शेवटी इथं मटणाचा दर चढला. तेव्हा तालमीतालमींत बैठका झाल्या, लोकांनी आंदोलन केलं, विक्रेत्यांशी चर्चेच्या फेऱ्या झाल्या आणि दर ठरवून घेतला. बाहेर याची बरीच थट्टा झाली. मला त्यात थट्टेचं काही दिसत नाही. बुधवारी आणि रविवारी ज्या घरात पावशेर का होईना मटण शिजतं, त्या घराला दर परवडला पाहिजे, आणि त्यासाठी पेठ रस्त्यावर आली. असा गिऱ्हाईक मला कुठल्याही शहरात बघायला आवडेल.

[चप्पल लाईन]

जेवण झालं की चाला, पचेल. भवानी मंडपाजवळ ही चप्पल लाईन. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते एकट्या कोल्हापूरला नाही. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत ही चप्पल बनते. बनवणारे हात मुख्यतः चर्मकार समाजाचे, घरातल्या बायकांसकट. कापणी, ठोकणी बहुतेक पुरुष करतात, वेणी आणि नक्षी बायकांच्या बोटांतली.

खरा जोड कसा ओळखायचा? उलटा करून बघा. तळाला चामड्याचे थर दिसले पाहिजेत, मधे पुठ्ठा किंवा रबर नको. शिलाई चामड्याच्या वादीची, खिळा कुठंही नाही. कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, त्याचा एक वास असतो, रंगाचा किंवा सोल्युशनचा भपकारा आला तर पुढच्या दुकानात जा. नवा जोड पहिले काही दिवस चावतो. तेल लावा, घरात घालून फिरा, मग तो पायाचा आकार घेतो. आणि पावसात घालू नका, एवढी एकच विनंती.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं अगदी अशाच घडणीच्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इथून आवाज उठला, तेव्हा कंपनीनं या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरीतून घेतल्याचं मान्य केलं आणि तिची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेली. त्या सगळ्या गदारोळात मला एकच काळजी वाटत होती. आपण स्वतः या रस्त्यावर उभं राहून कारागिराशी शे-दोनशे रुपयांची घासाघीस करतो. एका जोडामागं किती दिवसांचं काम असतं ते विचारा, आणि मग भाव करायचा की नाही ते ठरवा.

गुजरी, म्हणजे इथला सराफ बाजार, इथनं जवळच आहे. सोनं घ्यायचं नसलं तरी काचेतनं कोल्हापुरी साज बघा. एकवीस पानं असतात, दशावताराची दहा, अष्टमंगळाची आठ, दोन माणिक-पाचूची, आणि एक डोरलं. चांदीचं काही हवं असेल तर हुपरीचा माल इथं येतोच.

[भाऊसिंगजी रोड]

आता चहा. या रस्त्यावरची एक गोष्ट प्रत्येक पाहुण्याला माहीत असायला हवी. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. दलित असून पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना मदत देऊन याच भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. नाव सत्यसुधारक. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागवायचे, बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायचे. छत्रपती पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? कुणी कुणाच्या हातचं खावं यावर माणसाची पायरी ठरायची त्या काळातली ही गोष्ट आहे. आपण आज कुठल्याही टपरीवर निर्धास्त कप उचलतो, त्यामागं असे कप आहेत.

[गंगावेश, संध्याकाळी]

संध्याकाळी सहानंतर गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला या. गवळी म्हशी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. तुम्ही सांगायचं, समोर धार काढतात, फेसासकट ग्लास हातात. व्यायाम करून आलेली पोरं, भाजी घेऊन घरी निघालेल्या मावश्या, आजोबांचं बोट धरलेली नातवंडं, सगळे एका ओळीत. पैलवानांच्या खुराकाची सवय गावात अशी उरलीय. पोट नाजूक असेल तर कच्चं दूध टाळा, गवळ्याला सांगून घरी नेऊन तापवा. गोड हवं असेल तर कोल्हापूरचं कॉकटेल आइस्क्रीम खा, फळं घातलेलं.

आता दिवस कुठला निवडायचा? मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, मंदिरात गर्दी आणि बऱ्याच घरांत मटण नाही. बुधवार किंवा रविवार धरा. रविवारी लक्ष्मीपुरीत आठवडी बाजारही भरतो, खेड्यातनं आलेली भाजी आणि कडधान्य तिथं घ्या. गूळ न्यायचा असेल तर दिवाळीनंतर या. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघतात, गुऱ्हाळं पेटलेली असतात, आणि शहराबाहेर थोडं गेलात की कढईतली गरम काकवी भाकरीबरोबर मिळते.

तुमच्या पेठेची मिसळ, तुमच्या तालमीचं नाव खाली लिहा. मी जाऊन खाईन, आणि पुढच्या भागात त्यातल्या एखाद्या पेठेत पूर्ण दिवस काढू. भेटूया.