कच्चा कैदी उमेदवार होतो, मग मतदार का नाही?

नमस्कार श्रोतेहो.

तुरुंगातल्या माणसाला निवडणूक लढवू द्यावी का, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर तयार असतं : मुळीच नको. दहशतीच्या जोरावर मतं मिळवणारे उमेदवार पाहिले की चीड येते, मलाही येते. तरीही आज मी कच्च्या कैद्याच्या बाजूने बोलणार आहे.

कच्चा कैदी म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही तो. आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे जवळपास तीन असेच आहेत. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, की लोकप्रतिनिधित्व कायद्याने माणूस अपात्र ठरतो आणि सुटकेनंतरही ६ वर्षं अपात्रच राहतो. ते योग्य आहे. पण गुन्हा शाबितच झाला नसताना निव्वळ कोठडीत आहे म्हणून उमेदवारी नाकारायची ठरवली, तर विरोधकाला बाजूला सारायला सत्ताधाऱ्यांना एक अटक पुरेल. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी केलेली.

१९७७ साल आठवा. आणीबाणीत सरकारविरुद्ध स्फोटांचा कट रचल्याच्या आरोपावरून चाललेल्या बडोदा डायनामाइट खटल्यातले आरोपी, समाजवादी नेते जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात होते. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या मतदारांनी त्यांना ३ लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून दिलं. सरकार बदललं आणि पुढे तो खटलाच मागे घेतला गेला. तुरुंगात असणं हीच अपात्रता मानली असती, तर मुझफ्फरपूरला आपलं मत सांगताच आलं नसतं.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : कोठडीत असल्याने ज्याला मत देता येत नाही, त्याला उभंही राहता येणार नाही. संसदेने काही महिन्यांतच कायदा बदलून उमेदवारी वाचवली. मताधिकार मात्र दिला नाही! त्यामुळे कच्चा कैदी आज खासदार होऊ शकतो, पण मत देऊ शकत नाही. त्याच कलमाखालचा दुसरा आरोपी जामिनावर सुटलेला असला, तर खुशाल रांगेत उभा राहून मतदान करतो. म्हणजे जामीनदार मिळाला नाही, म्हणून गरिबाचं मत गेलं. या सगळ्यात मला सर्वात जास्त खुपतं ते हे.

निवडून आलेला माणूस तुरुंगातच राहिला तर मतदारसंघाचं काय, हा आक्षेप खरा आहे. २०२४ च्या लोकसभेत असे दोघे निवडून आले आणि त्यांना शपथेसाठीही परवानगी घेऊन यावं लागलं. यावर उपाय आहे तो खटला लवकर संपवण्याचा. आमदार-खासदारांवरचे गंभीर खटले आरोपनिश्चितीपासून वर्षभरात निकाली काढावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच दिला आहे. तो कसोशीने पाळला जायला हवा.

आणि मताधिकाराचं म्हणाल, तर प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे गुन्हा करतील या शंकेवरून खटल्याविना डांबून ठेवलेल्यांना आजही टपालाने मत देता येतं. म्हणजे तुरुंगात मतपत्रिका पोहोचवण्याची सोय आहेच. तीच कच्च्या कैद्यांना मिळावी, यासाठी संसदेने कैद्यांना मतदान नाकारणाऱ्या, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मध्ये दुरुस्ती करावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.