त्यांना माहीत होतं

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या एका वाचनगटासमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

नोव्हेंबर २०२० मधल्या, फोनवरच्या संदेशांतल्या काही गप्पा आधी मराठीत सांगतो. एका बाजूला टकर कार्लसन, दुसऱ्या बाजूला लॉरा इंग्रॅम. दोघंही तेव्हा फॉक्स न्यूज या अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या वृत्तवाहिनीवरचे रात्रीचे बडे सूत्रसंचालक. कार्लसन लिहितात की सिडनी पॉवेल खोटं बोलतेय, मी तिला पकडलंय. इंग्रॅम यांचं उत्तर येतं की ती बाई पार डोक्यावर पडलेली आहे, तिच्याबरोबर कुणी काम करायला तयार नाही, आणि रूडीचंही तेच. मग कार्लसन पुन्हा लिहितात की मला याचा संताप येतो, कारण आपले प्रेक्षक चांगले लोक आहेत आणि त्यांचा यावर विश्वास बसतोय.

या सिडनी पॉवेल म्हणजे निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकील. डोमिनियन कंपनीच्या मतदान यंत्रांनी मतं फिरवली, त्यामागे व्हेनेझुएलाच्या चावेझ यांच्या काळातलं तंत्र आहे, असं त्या सांगत होत्या. रूडी म्हणजे न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी. हे दोघंही त्या आठवड्यांत याच वाहिनीवर पाहुणे म्हणून येत होते.

आज बोलायला आलो ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. ‘आपले प्रेक्षक चांगले लोक आहेत.’ ढोंग हा शब्द आपण राजकारणात इतका वापरतो की त्याची धार गेली आहे. कुणी मत बदललं की ढोंगी, कुणाची चूक झाली की ढोंगी. माणूस चुकतो, त्याला मी ढोंग म्हणत नाही. एखाद्याला खोट्यावर मनापासून विश्वास असेल, तर त्याच्याशी वाद घालता येतो. इथे प्रकार वेगळा होता. यांना माहीत होतं. पोटात एक आणि ओठात एक, आणि ते पोटातलं सगळं पुढे कोर्टाच्या कागदांत आलं.

आलं कसं? डोमिनियनने मार्च २०२१ मध्ये डेलावेअरच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला, १६० कोटी डॉलरचा. अमेरिकेत वृत्तसंस्थेविरुद्ध असा दावा जिंकणं महाकठीण. बातमी खोटी होती एवढं दाखवून भागत नाही. खोटी आहे हे माहीत असून दिली, किंवा खरंखोटं बघायची फिकीरच केली नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून वकिलांनी फोन उघडायला लावले, ईमेल मागवले, सूत्रसंचालकांना शपथेवर बसवलं. फॉक्सचे आणखी एक सूत्रसंचालक शॉन हॅनिटी शपथेवर म्हणाले की पॉवेल यांच्या गोष्टीवर माझा एक सेकंदही विश्वास नव्हता. मालक रूपर्ट मर्डॉक यांनी कबूल केलं की आमच्या काही सूत्रसंचालकांनी या गोष्टीला दुजोरा दिला, आणि आम्ही तिचा अधिक ठामपणे निषेध करायला हवा होता.

त्या कागदांतली मला सर्वांत झोंबलेली गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच वाहिनीच्या एका तरुण वार्ताहर बाईने ट्रम्प यांचा डोमिनियनबद्दलचा दावा ट्विटरवर तपासला आणि पुरावा नाही असं लिहिलं. बातमीदाराचं काम तेच. त्यावर कार्लसन यांनी सहकाऱ्यांना लिहिलं की हिला काढून टाका, हे आज रात्रीच थांबलं पाहिजे, कंपनीचं नुकसान होतंय, शेअरचा भाव पडलाय. सकाळपर्यंत तिचं ते ट्वीट गायब झालं होतं. खोटं बोलणाऱ्या वकिलाला पडद्यावर जागा आणि खरं लिहिणाऱ्या बातमीदाराची नोकरी धोक्यात. हा व्यवहार मला आपल्या एखाद्या ओळखीच्या घरात घडल्यासारखा लागला.

न्याय म्हणून हेही सांगतो की कार्लसन यांनी एका रात्री पडद्यावर म्हटलं होतं, पॉवेल यांच्याकडे पुरावा मागितला, त्यांनी दिला नाही. प्रेक्षक खवळले. जानेवारीच्या अखेरीला त्याच कार्लसन यांच्या कार्यक्रमात उशा विकणारे माइक लिंडेल येऊन डोमिनियनवरचे आरोप करून गेले.

भीती कसली होती, तर प्रेक्षक जाण्याची. मतमोजणीच्या रात्री फॉक्सच्याच आकडेवारीच्या चमूने ॲरिझोना राज्य बायडन यांनी जिंकल्याचं इतरांच्या आधी जाहीर केलं. ते बरोबर निघालं. पण चाहत्यांना तो दगा वाटला, आणि बरेच जण उठून न्यूजमॅक्स या दुसऱ्या वाहिनीकडे गेले. अचूक निकाल देणाऱ्या चमूतले राजकीय संपादक क्रिस स्टायरवॉल्ट यांची जानेवारी २०२१ मध्ये पुनर्रचनेच्या नावाखाली नोकरी गेली.

न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी मार्च २०२३ मध्ये लिहिलं की डोमिनियनबद्दलचं त्यातलं एकही विधान खरं नाही, हे अगदी स्वच्छ स्पष्ट आहे. एप्रिलमध्ये खटला उभा राहणार त्याच दिवशी फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. पडद्यावर येऊन प्रेक्षकांची माफी मागण्याची अट त्यात नव्हती. पैसे कंपनीला मिळाले. ज्या ‘चांगल्या लोकां’ना फसवलं, त्यांना कुणीही समोर बसून सांगितलं नाही की बाबांनो, आम्ही तुम्हाला फसवलं.

आता राजकारण्यांकडे येतो. तिथेही हेच: माहीत होतं.

६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांच्या समर्थकांच्या जमावाने कॅपिटॉलवर, म्हणजे संसद भवनावर, हल्ला केला. आठवड्याभराने रिपब्लिकन नेते केव्हिन मॅकार्थी सभागृहात म्हणाले की याची जबाबदारी राष्ट्राध्यक्षांवर येते. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ते फ्लोरिडात मार-ए-लागोला जाऊन ट्रम्प यांच्याबरोबर फोटो काढून आले. सिनेटमधले रिपब्लिकनांचे तेव्हाचे नेते मिच मॅकॉनेल यांचं तर एकाच दिवसात झालं. १३ फेब्रुवारीला या हल्ल्यावरून चाललेल्या महाभियोगात त्यांनी ट्रम्प यांना निर्दोष ठरवणारं मत दिलं आणि लगेच उभं राहून सांगितलं की घडल्या प्रकाराला व्यवहारतः आणि नैतिकदृष्ट्या ट्रम्पच जबाबदार आहेत. दोषी ठरवायला ६७ मतं लागत होती, ५७ पडली. पक्षातले सात जण उलट बाजूने गेले, त्यांना किंमत मोजावी लागली. मॅकॉनेल पदावर राहिले.

आणि त्या हल्ल्याच्या दिवशी दुपारी इंग्रॅम यांनी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांचे मुख्य सहाय्यक मार्क मेडोज यांना कळवलं होतं की राष्ट्राध्यक्षांनी लोकांना घरी जायला सांगावं, यात आपलं सगळ्यांचं नुकसान आहे, ते स्वतःची कीर्ती धुळीला मिळवताहेत. म्हणजे जमाव कुणाचा आहे आणि कुणाचं ऐकेल, याची त्यांना पक्की खबर होती. रात्री पडद्यावर मात्र गर्दीत डावे ‘अँटिफा’वाले घुसले असावेत अशी शंका पेरली गेली. हे निरोप लिझ चेनी यांनी, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्याच खासदार बाईंनी, डिसेंबर २०२१ मध्ये वाचून दाखवले. पुढच्या जूनमध्ये त्या हल्ल्याच्या चौकशी समितीची पहिली रात्रीची सुनावणी झाली, तेव्हा मुख्य फॉक्स वाहिनीने ती थेट दाखवली नाही.

न्यायालयातल्या नेमणुकांचं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, पण तारखा एकापुढे एक ठेवून बघा. १३ फेब्रुवारी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कालिया गेले. काही तासांत मॅकॉनेल यांनी जाहीर केलं की निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला बोलू द्या, जागा पुढच्या राष्ट्राध्यक्षाने भरावी. ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. तब्बल २९३ दिवस ते नाव सिनेटपुढे पडून राहिलं, सुनावणीसुद्धा झाली नाही. त्या वेळी सिनेटर लिंडसी ग्रॅम म्हणाले होते की उद्या रिपब्लिकन अध्यक्ष असला आणि त्याच्या शेवटच्या वर्षात जागा रिकामी झाली, तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा. मग १८ सप्टेंबर २०२० ला न्यायमूर्ती गिन्सबर्ग गेल्या. २६ ऑक्टोबरला, मतदानाच्या आठ दिवस आधी, एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी झाली. तोवर कोट्यवधी लोकांनी टपालाने आणि आगाऊ मतदान करूनही टाकलं होतं. त्या सुनावणीच्या समितीचे अध्यक्ष कोण होते? लिंडसी ग्रॅम.

खुलासा तयार होता: तेव्हा अध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्याच्या हातात होती, आता दोन्ही आमच्याकडे आहेत. सरळ मराठीत, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांनी पहिल्या दिवशीच म्हटलं असतं की आमच्याकडे मतं आहेत म्हणून आम्ही अडवतोय, तर मला राग आला असता, पण मी त्याला ढोंग म्हटलं नसतं. त्यांनी जनतेचं नाव घेतलं. जनतेचा आवाज हे फक्त एका बाजूला लावायचं कुलूप होतं.

लशीचं थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये या वाहिनीवर बायडन यांच्या लससक्तीला हुकूमशाही म्हटलं जात होतं. त्या सक्तीत मोठ्या खाजगी कंपन्यांमधल्या, लस न घेणाऱ्या नोकरदाराला आठवड्याला चाचणीची मुभा होती. त्याच सप्टेंबरात फॉक्सच्या कंपनीने आपल्या नोकरदारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी लस घेतल्याचं कळवलं आणि उरलेल्यांना रोज चाचणी लावली. स्वतःच्या इमारतीत सावधगिरी आणि बाहेर बसलेल्या वयस्क प्रेक्षकाला बंडाचा उपदेश. त्या प्रेक्षकांत माझ्या गल्लीतली माणसं होती.

मला नेहमी विचारतात की दुसऱ्या बाजूचं काय? विचारायलाच हवं. सीएनएनवर क्रिस कुओमो आपल्या गव्हर्नर भावाची पडद्यावर मुलाखत घेत, दोघं चेष्टामस्करी करत, आणि आम्ही उदारमतवादी मंडळी ते कौतुकाने बघत होतो. मीही बघितलं. पुढे भावावर बायकांशी गैरवर्तनाचे आरोप झाले, तेव्हा हा पत्रकार पडद्यामागून त्याच्या बचावाची मसलत करत होता. ते लांच्छनच होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सीएनएनने त्यांना काढलं. उशीर झाला, पण काढलं. फॉक्समध्ये खरं बोलणाऱ्याची खुर्ची आधी हलली. ‘सगळे सारखेच’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा फरक जरा जवळून बघावा. सगळे सारखे म्हटलं की खोटं बोलणाऱ्याचं आयतंच फावतं.

ही घडण एका रात्रीत झालेली नाही. १९४९ पासून अमेरिकेत रेडिओ आणि टीव्हीच्या परवानाधारकांना वादाच्या विषयात दुसरी बाजूही मांडण्याचं बंधन होतं. रेगन यांच्या काळात, १९८७ मध्ये, ते उठलं. पुढच्याच वर्षी उजव्या विचारांचे निवेदक रश लिम्बॉ यांचा रेडिओ कार्यक्रम देशभर सुरू झाला. १९९६ मध्ये मर्डॉक यांनी फॉक्स न्यूज काढली आणि ती चालवायला दिली रॉजर एल्स यांच्याकडे, ज्यांनी निक्सन, रेगन आणि थोरल्या बुश यांच्या प्रचारासाठी काम केलं होतं. ते जुने बंधन केबलला मुळात लागूच नव्हतं, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणं चूक आहे. पण दुसरी बाजू ऐकवणं हे आपलं काम आहे ही सवयच गेली.

आता ज्यांच्यावर हे सगळं कोसळलं त्यांच्याकडे येतो. जॉर्जियात अटलांटाच्या मोजणी केंद्रावर दोन मायलेकी काम करत होत्या. मोजणीच्या चित्रफितीत आई लेकीच्या हातात काहीतरी छोटंसं देताना दिसते. जुलियानी यांनी राज्याच्या आमदारांसमोर सांगितलं की या बायका यूएसबी ड्राइव्ह हेरॉइन-कोकेनच्या पुड्यांसारखे फिरवताहेत. धमक्या सुरू झाल्या. आईला घर सोडून लपावं लागलं. जून २०२२ मध्ये लेकीला संसदेच्या समितीसमोर शपथेवर विचारलं की आईने तुमच्या हातात काय दिलं होतं. ती म्हणाली, आल्याची गोळी. आपल्याकडे घसा धरला की आई आलेपाकाची वडी पुढे करते, तशीच. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने जुलियानी यांना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं.

ही गोष्ट मला इतकी लागते कारण मी मतदान केंद्रावर काम करतो. आपल्या राज्यात एका टेबलाशी चौघं असतात, दोन या पक्षाचे, दोन त्या पक्षाचे. पहाटे साडेपाचला पोचायचं, सीलवरचे नंबर वहीत उतरवायचे, यंत्रातून शून्याची पट्टी काढायची, म्हणजे एकही मत आधीपासून नाही याची चिठ्ठी, आणि चौघांनी तिच्यावर सह्या करायच्या. रात्री आठला केंद्र बंद झालं की निकालाची पट्टी, पुन्हा चौघांच्या सह्या.

माझ्या शेजारी तीन निवडणुका एक रिपब्लिकन गृहस्थ बसतात. निवृत्त ट्रकचालक, सज्जन माणूस. दर वेळी सगळ्यांसाठी डोनट आणतात, आणि मी अंडं खात नाही म्हणून माझ्यासाठी वेगळा बेगल. २०२२ ला शून्याच्या पट्टीवर सही करता करता ते म्हणाले की इथे सगळं सरळ आहे, मी तुला ओळखतो, पण फिलाडेल्फियात काय चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. मी म्हटलं, तिथेही तुमच्या-माझ्यासारखेच बसतात. ते म्हणाले, मी टीव्हीवर पाहिलंय.

दुपारी मतदार तुरळक झाले तेव्हा मी त्यांना त्या मायलेकींचं सांगितलं. साक्ष होऊन पाच महिने झाले होते. त्यांनी चित्रफीत पाहिली होती, अनेकदा. साक्ष ऐकली नव्हती. ते काही बोलले नाहीत, उठून कॉफी आणायला गेले.

रात्री यंत्रातून निकालाची लांबलचक पट्टी बाहेर येत होती. त्यांनी चष्मा लावला, आकडे माझ्याबरोबर मोठ्याने वाचले, आणि पेन हातात धरून थांबले.

‘‘ती खरंच आल्याची गोळी होती?’’

मी म्हटलं, ‘‘हो. शपथेवर सांगितलंय तिने.’’

त्यांनी सही केली आणि पट्टी माझ्याकडे सरकवली.