चाडचं तेल, लंडनमधलं खातं

(दृश्य: मध्य आफ्रिकेतल्या चाड देशाच्या दक्षिणेकडचं कोमे. ज्वारीची शेतं, मागे जळणाऱ्या वायूची ज्योत.)

२००३ साली इथल्या डोबा भागातून तेल वाहू लागलं. चाडला समुद्र नाही. म्हणून १,०७० किलोमीटरची पाइपलाइन टाकून ते कॅमेरूनमधल्या क्रिबीच्या किनाऱ्यापर्यंत नेलं. विहिरी एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन आणि मलेशियाच्या पेट्रोनासच्या. त्यांच्या पाठीशी जागतिक बँक. बँकेचं कर्ज त्या मानाने लहान होतं, पण तिचं नाव असल्याशिवाय एवढी जोखीम घ्यायला कंपन्या तयार नव्हत्या.

शेजारच्या नायजेरियात तेलाचा पैसा भ्रष्टाचारात कसा मुरला, ते बँकेला माहीत होतं. त्यामुळे अट पडली: आधी कायदा, मग कर्ज.

जानेवारी १९९९ मध्ये ‘कायदा क्रमांक १’ आला. सरकारला मिळणारी रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या तेलावरचा ठरावीक वाटा, आणि लाभांश आधी लंडनमधल्या खात्यात जमा व्हायचे. त्यातले १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी राखीव. उरलेल्यातले ८० टक्के शिक्षण, आरोग्य, पाणी, रस्ते, शेती यांना, ५ टक्के डोबा भागाला. खर्च मंजूर करायला नऊ जणांचं देखरेख मंडळ. त्यात सरकारी अधिकारी होते, तसेच कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्थांचे लोकही. जगभर या कायद्याचं कौतुक झालं.

फटी मात्र त्या कायद्यातच होत्या. कंपन्यांकडून येणारा आयकर त्यात धरलाच नव्हता. पुढे हीच रक्कम फुगत गेली. नव्या तेलक्षेत्रांचं उत्पन्नही बाहेर. तेल निघण्याआधीच, २००० साली, कंपन्यांनी सरकारला अडीच कोटी डॉलरचा बोनस दिला. तोही कायद्यात बसत नव्हता. राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबींच्या सरकारने त्यातले काही दशलक्ष डॉलर शस्त्रांवर उडवले. इशारा तिथेच मिळाला होता, पण काम पुढे रेटलं गेलं.

(दृश्य: गावाकडची वाट, आंब्याची झाडं.)

याच पट्ट्यात आणखी एक हिशेब चालू होता. पाइपलाइन आणि विहिरींसाठी आंब्याची झाडं तोडायची होती. फळावर आलेल्या झाडाला सुरुवातीला जी भरपाई ठरली, ती हास्यास्पद होती. स्थानिक संघटनांनी विषय लावून धरला आणि दर कितीतरी पटींनी वाढला. इथे दाद मागणारे लोक गावातलेच होते, झाड कोणाचं आणि त्याला किती फळ लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं. लंडनच्या खात्यातलं मात्र त्यांना काय दिसणार? मंडळ अहवाल काढायचं, अर्धवट कामं, चढ्या दराची खरेदी नोंदवायचं. शिक्षा करायचा अधिकार मात्र मंडळाला नव्हता.

डिसेंबर २००५ मध्ये संसदेने कायदाच बदलला. पुढच्या पिढ्यांचा निधी रद्द, आणि ‘प्राधान्यक्रमा’त सुरक्षाही दाखल. कारण दिलं बंडखोरांचं, आणि बंडखोर खरंच होते. जानेवारी २००६ मध्ये बँकेने १२.४ कोटी डॉलरची कर्जं थांबवली, लंडनचं खातं गोठवलं. जुलैमध्ये तडजोड झाली: अर्थसंकल्पाचे ७० टक्के गरिबी निवारणासाठी.

तडजोड टिकली नाही. तेलाचे भाव चढले, तसा बँकेचा धाक उतरला. ज्याच्या हातात रोख आहे, त्याला सावकाराच्या अटी कशाला? सप्टेंबर २००८ मध्ये चाडने उरलेलं सुमारे साडेसहा कोटी डॉलरचं कर्ज मुदतीआधी फेडलं आणि बँक बाहेर पडली. कायदा मोडल्याचा जाब देबींना विचारू शकणारी संस्था देशात उभीच राहिली नव्हती. विचारणारी होती ती वॉशिंग्टनमध्ये, आणि तिचे पैसे चुकते झाले होते.

२०१४ मध्ये चाडने शेव्हरॉनचा हिस्सा विकत घेतला, ग्लेनकोर या व्यापारी कंपनीकडून अब्जाहून अधिक डॉलर उचलून. फेड ठरली तेलाच्या रूपात. त्याच वर्षी तेलाचे भाव कोसळले. यावेळी देखरेखीच्या कुठल्याही अटी नव्हत्या, आणि विकल्या जाणाऱ्या तेलातला मोठा वाटा कर्जफेडीतच जाऊ लागला.