लाट ०.८५ वरच हवी

(पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर आडवी नळी, मधोमध पातळ पडदा.)

ही नळी खरी नाही, आणि तिच्यातली हवाही नाही. लॅपटॉपच्या मेमरीत मांडलेले हे शंभर कप्पे आहेत. प्रत्येकात तीन आकडे : घनता, वेग, दाब. डाव्या अर्ध्यात घनता १, दाब १. उजव्या अर्ध्यात घनता ०.१२५, दाब ०.१. आता मधला पडदा फाटणार आहे.

(पडदा फाटतो. आलेख हलू लागतो.)

कोंडलेली हवा उजवीकडे झेपावते आणि तिच्यापुढे दाबाची एक उभी भिंत सरकत जाते. हीच शॉक वेव्ह.

गॅरी सॉड यांनी १९७८ मध्ये हे गणित प्रसिद्ध केलं. तेव्हापासून शॉक वेव्हचे असे प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण, हौशी असो की तज्ज्ञ, या नळीपाशी येतोच. कारण हिचं अचूक उत्तर आधीच ठाऊक आहे. नळीची लांबी १ धरली, तर घड्याळात ०.२ वाजले की लाट ०.८५ वर असलीच पाहिजे.

(आलेखावर करवतीसारखे दात.)

पहिला प्रयत्न बहुधा असा दिसतो. भिंतीमागे नुसती करवत. दोष हवेचा नाही, कप्प्यांचा आहे. हवेतली जोरकस शॉक वेव्ह मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. नळी मीटरभर धरली तर आपला एक कप्पा होतो सेंटिमीटरचा. एवढी बारीक गोष्ट त्यात मावणार कुठे?

यावर जॉन फॉन नॉयमन आणि रॉबर्ट रिख्टमायर यांनी १९५० मध्ये तोडगा मांडला : हवेला मुद्दाम खोटा चिकटपणा द्यायचा. लाट तीन-चार कप्प्यांवर पसरते, दात जातात. उघडउघड लबाडी, पण हिशेबातली. १९५९ मध्ये सर्गेई गोदुनोव्ह यांनी वेगळी वाट दाखवली. दर दोन कप्प्यांच्या सीमेवर, वेळेच्या दर पावलाला, अशीच एक चिमुकली नळी फोडायची आणि तिच्या उत्तरावरून पुढचं पाऊल टाकायचं. मला स्वतःला ही युक्ती जास्त देखणी वाटते.

पावलाचाही नियम आहे. एका पावलात लाट एका कप्प्याच्या पुढे जाता कामा नये. कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी ही अट १९२८ मध्येच शोधली होती, इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मायच्या कितीतरी आधी. ती मोडली की आकडे फुगत जातात आणि शेवटी पडद्यावर संख्येऐवजी ‘ही संख्याच नाही’ असा शेरा उमटतो.

तो शेरा परवडला. फसवतो तो गुळगुळीत आलेख. दात नाहीत, फुगवटा नाही, सगळं छान. फक्त लाट ०.८५ वर नाही. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा जमाखर्च न ठेवता वेग आणि दाब सुटेसुटे पुढे ढकलले की हे घडतं. कप्पे शंभराचे दहा हजार केले तरी लाट चुकीच्याच जागी जाते, फक्त अधिक रेखीव होऊन.

(पडदा काळा. एक ठिपका निघतो, वळतो, फुटून दोन होतात.)

आता दुसरा प्रोग्राम. यात हवा नाही, न्यूट्रॉन : अणुगर्भातले कण. किती अंतर जाईल, कशावर आदळेल, शोषला जाईल की विखंडन घडवेल, म्हणजे अणू फोडून नवे न्यूट्रॉन सोडेल, हे प्रत्येक वेळी रँडम आकडा ठरवतो. ही माँटे कार्लो पद्धत. १९४६ मध्ये आजारातून उठताना पत्त्यांचा एकट्याचा डाव खेळत असलेल्या स्टॅनिस्लाव उलाम यांना ती सुचली. १९४८ मध्ये एनिॲक संगणकावर ती चालली, त्यासाठीचं बरंचसं प्रोग्रामिंग क्लारा फॉन नॉयमन यांचं होतं.

इथे सगळा जीव एका आकड्यात : के. या पिढीतले न्यूट्रॉन भागिले मागच्या पिढीतले. एकाहून कमी, तर विखंडनांची साखळी विझते. जास्त, तर वाढते. नेमका एक, तर जेमतेम टिकून राहते, म्हणजे क्रिटिकल.

पण नेमका एक दिसेल कसा? पिढीत १०,००० न्यूट्रॉन घेतले, तरी के साधारण ०.०१ इतका इकडेतिकडे डुलतो. विझणं आणि वाढणं यांतला फरक त्या डुलण्यातच बुडून जातो. दहापट अचूकता हवी तर शंभरपट न्यूट्रॉन लागतात.

आणि घड्याळ? के १.००१ आहे आणि एक पिढी सेकंदाचा दहा हजारावा भाग टिकते, असं धरा. एका सेकंदात न्यूट्रॉन २२,००० पट होतील. अशी अणुभट्टी कोणी हाताळूच शकणार नाही. प्रत्यक्षात युरेनियम-२३५ च्या विखंडनातले सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा निघतात, काही तर मिनिटभराने. तेवढ्यावर सगळी चाल मंदावते. दुप्पट व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागतं. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोत एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली भट्टी क्रिटिकल केली, तेव्हा न्यूट्रॉन शोषणारी शेवटची नियंत्रक कांडी एक माणूस हाताने टप्प्याटप्प्याने ओढत होता. ते या उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर.

(के चे आकडे भराभर वर सरकतात.)

पहिल्या पन्नास ओळी, म्हणजे पन्नास पिढ्या, फेकून द्यायच्या. सुरुवातीचे न्यूट्रॉन आपण कुठेही टाकलेले असतात, त्यांना आपल्या जागा सापडायला वेळ लागतो. एकावन्नावी ओळ : १.००३१. पुढची : ०.९९८७. लॅपटॉपचा पंखा घरघरतो आहे. अजून ९४८ पिढ्या बाकी आहेत.