वजन की अट

श्रोतेहो, नमस्कार. विज्ञानकथा, सुपरहिरोंचे सिनेमे आणि देवावरची श्रद्धा असे तीन विषय मला दिलेत आणि वेळ मात्र एकाच विषयाचा. तेव्हा बाकीचं उरकून घेतो, म्हणजे आमच्या मामांच्या गोष्टीला जागा राहील.

१९३८ साल धरा. एका कॉमिकच्या जून १९३८ च्या अंकात अमेरिकेत सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला आणि त्याच वर्षी जुलैत आपल्या कोल्हापुरात जयंत नारळीकर जन्मले. दोघे एकाच वर्षाचे. सुपरमॅन तेव्हा उडत नव्हता बरं का, नुसत्या उड्या मारायचा, दोनशे मीटरच्या. उडायला पुढं शिकला. अंक खपायला लागले की या लोकांची ताकद वाढतच जाते. नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नाव लपवून. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले, आणि बक्षीस त्या जगतापांना मिळालं. नाव न बघता तपासा, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढं २००८ साली पत्रिकाही त्यांनी तशाच तपासून घेतल्या. काही हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या, नावं झाकलेल्या. कुठली कुणाची ते ज्योतिषांनी सांगायचं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. तरी लग्नाच्या बैठकीत छत्तीस गुण विचारायचे ते आपण विचारतोच. असो.

आता मामा. आमचे थोरले मामा जुन्या तालमीतले. वय झालंय, पण मान अजून तशीच. मारुतीच्या पाया पडल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. गेल्या सुट्टीत माझा मुलगा त्यांना सिनेमाला घेऊन गेला, मागनं मीही गेलो. हिंदीत डब केलेला सिनेमा. मला डबिंग मुळीच चालत नाही, न्यूयॉर्कचा माणूस 'अबे ओय' म्हणतो तेव्हा पैसे परत मागावेसे वाटतात. मामांना ते चाललं.

त्यात तो वीज पाडणारा थॉर आहे, हातोडावाला. पोरानं सांगितलं, "आबा, हा देव आहे." मामांनी लगेच विचारलं, "मग ह्याचं देऊळ कुठाय?" पोरानं मोबाइल काढला. उत्तर युरोपातले लोक ख्रिस्ती झाले तशी थॉरची पूजा मागं पडली, १९६२ साली तो कॉमिकमध्ये आला, आणि आइसलँडमध्ये जुन्या देवांना मानणाऱ्या पंथाला १९७३ पासून सरकारी मान्यता आहे. मामा म्हणाले, "म्हंजे मानणारी हाईत अजून. मग दात काढू नगं."

पुढं एक बैठक येते. हातोडा टेबलावर ठेवलाय, जो लायक त्यालाच तो उचलता येतो म्हणे, आणि सगळे वीर आळीपाळीनं उचलून बघतात. एकालाही उचलत नाही. मामा खुर्चीच्या काठावर आले आणि अख्ख्या थेटरात आवाज घुमला, "अरं कंबरेतनं काय वढतुयास, गुडघ्यातनं उचल की!" एकाच्या हातून हातोडा जरासा हलला. "हल्ला की रं!" थेटर हसून आडवं.

मध्यंतरात मामा गप्प. पॉपकॉर्न धरून बसले होते. (त्याची किंमत सांगत नाही, सांगितली तर तुम्ही रेडिओ बंद कराल.) मग पोराला म्हणाले, "मला एक सांग. त्या हातोड्याला वजन हाय का अट हाय?"

पोरगं गोंधळलं. मामांनी फोड करून सांगितलं. "वजन असंल तर त्यो ज्या टेबलावर ठिवलाय ते टेबल कसं मोडंना? एवढी धा पैलवानं लागली वढायला, अन् टेबल आपलं उभं! म्हंजे वजन न्हाई. अट हाय. मग अटीला जोर काढून काय उपेग? वजन असंल तर आज न्हाई उद्या, खुराक खाऊन, मेहनत करून कोनबी उचलंल."

पोरगं आठवीत, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मॉडेल मांडणारं. त्याला टेबल दिसलं नव्हतं. मलाही नाही.

पण पोरगंही काही कमी नाही. म्हणालं, "आबा, मग मारुतीनं द्रोणागिरी उचलला, ते वजन की अट?"

मामांनी एक पॉपकॉर्न तोंडात टाकला. म्हणाले, "तिथं मी टेबल बघाया जात न्हाई."

पुन्हा सांगतो. तिथं मी टेबल बघाया जात न्हाई. या माणसाला टेबल दिसत नाही असं नाही. सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसलं. विज्ञानकथा मला आवडते ती टेबल बघू देते म्हणून. एक नियम सोडा म्हणते, बाकीचे सगळे पाळते. सुपरहिरोंचा सिनेमा टेबल दाखवतो आणि बघू नका म्हणतो, तिथं माझं डोकं उठतं. आणि श्रद्धेचं म्हणाल तर कुठं बघायचं नाही ते मामांनी स्वतः ठरवलंय, दुसऱ्यावर लादलेलं नाही. लादणारे भेटतात तेव्हा मात्र मी टेबल दाखवतो.

अंबाबाईच्या किरणोत्सवालाही मामा जातात. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर चढतात. नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. दोनदाच का, तर २२ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे साधारण तेवढ्याच अंतरावर सूर्य मावळायला पुन्हा त्याच जागी येतो. बांधणाऱ्यांनी किरणांच्या वाटेचा हिशेब चोख केला होता. तिथं अभ्यासक किरणांची तीव्रता मोजत असतात, शेजारी मामा हात जोडून. दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. दोघांची तक्रार एकच, वाटेतल्या उंच इमारती. मामांची आणखी एक आहे, मोबाइल उंच धरून पुढं उभे राहणारे. यंदा नोव्हेंबरात येणार असाल तर साडेपाचच्या आत या, आणि मोबाइल खिशात ठेवा. मामा मागंच उभे असतील.