जीभ दातांनी चाविली

नमस्कार श्रोतेहो. आज ताटीच्या अभंगांतल्या एकाच ओळीवर बोलायचं आहे.

प्रसंग तुम्हाला ठाऊकच आहे. संन्याशाची पोरं म्हणून लोक टोचून बोलले, आणि ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली. बाहेर मुक्ताबाई. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १२७९चा, ज्ञानेश्वरांचा १२७५चा. म्हणजे चार वर्षांनी धाकटी बहीण थोरल्याची समजूत घालतेय. हे अभंग हल्ली सिंथेसायझर लावून दणक्यात गातात, मला ते सोसवत नाही. बंद दाराशी कुणी इतक्या मोठ्यानं विनवणी करतं का? असो.

‘शब्दशस्त्रें झाले क्लेश’ असं ती म्हणते. ‘तुला लागलंच नाही’ असं म्हणत नाही. पुन्हा सांगतो, लागलंच नाही असं ती म्हणत नाही. आणि मग येते ती ओळ: ‘जीभ दातांनीं चाविली, कोणें बत्तिशी तोडिली?’

ही ओळ मला कळली ती आमच्या आजीमुळे. माझे वडील आणि आत्या यांच्यात अबोला होता. एका लग्नात आत्या चारचौघांत काहीतरी बोलली, ते वडिलांच्या जिव्हारी लागलं. चार भाऊबिजा कोरड्या गेल्या. आजी मध्ये पडली नाही. एका रात्री जेवताना वडिलांची जीभ चावली गेली. चांगली जोरात, डोळ्यांत पाणी आलं. आजी भात वाढता वाढता म्हणाली, “काढून टाक आता सगळे दात.”

वडील काही बोलले नाहीत. जीभ सांभाळत, त्याच दातांनी, पानातलं सगळं संपवलं.

मला वाटतं, मुक्ताबाई हेच सांगतेय. जीभ दुखतेच, दोन दिवस तिखट लागू देत नाही. पण दात आपले, तोंडही आपलं. परक्यांना माफ करणं निराळं. ही तर लोकांनाच आपलं तोंड म्हणतेय. अवघड आहे. मला अजून जमलेलं नाही.

त्या वर्षी भाऊबिजेला वडील मला घेऊन आत्याकडे गेले. दाराशी बराच वेळ उभे राहिले, कडी वाजवायचं धैर्य होईना. शेवटी मीच वाजवली. आत्यानं दार उघडलं, वडिलांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “चपला आत काढ. बाहेर कुत्रं नेतं.”